विषय: जुलैतलं कॅम्पिंग, योसेमिटी नॅशनल पार्क (कॅलिफोर्निया), २२ माणसं

मीनल:
मंडळी नमस्कार,
२२ नावं आली, त्यात ९ मुलं. योसेमिटीच्या दरीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला दोन-तीन साइट (तंबूच्या जागा) घेऊ, मुलं दाटीवाटीने झोपतील. मिसळीचा कट मी मोठ्या पातेल्यात घरूनच आणते. कूलर रात्री गाडीत ठेवू. शेकोटीला आमच्या अंगणातली लाकडं आहेतच. चालेल ना?

सुहासकाका:
मीनल, बेत फर्मास आहे, पण तिथे चालणार नाही. एका साइटवर ६ माणसं, आणि कडेवरचं मूलसुद्धा त्यात धरतात. म्हणजे चार साइट लागतील, त्याही शेजारीशेजारी मिळायला नशीब लागतं. १५ जुलै ते १४ ऑगस्टचं बुकिंग १५ मार्चला सकाळी ७ ला उघडतं आणि बघता बघता संपतं. त्यापेक्षा पार्कातल्याच हॉजडन मेडोची ग्रुप साइट बघ: १३ ते ३० माणसं, फक्त तंबू. दरीत जायला पाऊण तास गाडी हाकावी लागेल, पण सगळे एकत्र राहू.

अंधार पडल्यावर गाडीत खायचं काही ठेवायचं नाही. अस्वल वासावर येतं आणि गाडीचं दार सरळ वाकवतं. साइटवर लोखंडी पेटी असते, साधारण ३३ इंच खोल, ४५ रुंद, १८ उंच. त्यात फक्त खाणंच नाही, टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, बाळाचे वाइप्स, वास येणारं सगळं जातं. तेव्हा आधी पातेलं मोज!

लाकडं घरून नकोत. त्यांतून खोड पोखरणारे किडे नव्या जंगलात पोचतात. तिथल्या जवळच्या दुकानातूनच घेऊ.

ओंकार:
काका, माझ्याकडे नॅशनल पार्कांचा ८० डॉलरचा वार्षिक पास आहे, त्यात भागेल का? आणि इंडक्शनला वीज?

सुहासकाका:
पास फक्त प्रवेशाचा, साइटचे पैसे वेगळे. स्टेट पार्कात तो चालतच नाही. वीज नाही, गॅसची शेगडी आण. शॉवर हवा तर दरीत करी व्हिलेजला. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, त्यामुळे अंताक्षरी जेवणाआधी उरकायची. (गेल्या वेळच्या गायकांनी नोंद घ्यावी.)
जागा मिळाली नाही तर कॅलावेरास बिग ट्रीज आहेच. स्टेट पार्क असल्याने साइटला ८ माणसं चालतात, सिकोयाची प्रचंड झाडं आहेत आणि गर्दी कमी. माझं विचाराल तर लहान मुलांना तेच बरं. मात्र त्याचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, तेव्हा आत्ताच बघून ठेवा.

शुभावहिनी:
मीनल, कट आटवून चपट्या डब्यांत गोठव. पहिल्या दिवशी कूलरमध्ये बर्फाचं काम तोच करेल, दुसऱ्या दिवशी पाणी घालून उकळायचा. मोडाची मटकी पिशवीत, फरसाण वेगळं. कांदा तिथेच चिरू, पण सालं उघड्यावर टाकायची नाहीत.

मीनल:
पातेलं २० इंच उंच भरलं, घरीच राहील. वहिनींचे डबे पक्के. हॉजडनसाठी सकाळी ७ ला कोण कोण लॉग-इन करून बसणार? निदान चौघं हवेत, नावं कळवा.