सेन्सर वायरचे की वायरलेस? (कॉम्प्लेक्स ग्रुप, टिळकवाडी)

सेक्रेटरी: आपल्या कॉम्प्लेक्समध्ये पाण्याची टाकी, वीज आणि तापमानावर लक्ष ठेवायला सेन्सर बसवायचेत, त्याची दोन कोटेशनं आलीत. एकात सगळे सेन्सर वायरचे, दुसऱ्यात सगळे वायरलेस. जाणकारांनी सांगा की.

गाळा १४ (इलेक्ट्रिकल): दोन्ही तशीच्या तशी घेऊ नका. ज्या सेन्सरवर मोटर चालू-बंद होणार, तो वायरचाच पाहिजे. बॅटरीचा सेन्सर १०-१५ मिनिटांनी एकदा आकडा पाठवतोय, तोवर टाकी वाहून जाते. शिवाय संप (खालची पाण्याची टाकी) जमिनीत, वर बिडाचं झाकण. आतून सिग्नल येत नाही.

ऑफिस ३०२ (ऑटोमेशन): टाकीच्या लेव्हलला ४-२० मिलीअँपचा ट्रान्समीटर घ्या, म्हणजे पाण्याची पातळी ४ ते २० मिलीअँप करंटच्या रूपात कळवणारा. टाकी रिकामी असली तरी ४ दाखवतो. शून्य आला म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय गेला.
मजल्यावरचे एनर्जी मीटर आरएस-४८५ वर, म्हणजे सगळे मीटर ए आणि बी अशा दोन तारांच्या एकाच लाईनवर. वायर एका मीटरमधून दुसऱ्यात अशी सलग ओढायची, फाटे नकोत. शील्ड (वायरवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करायची. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. काम झालं की पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये मल्टिमीटर लावा: ६० च्या आसपास आलं तर ठीक. १२० आलं तर एक रेझिस्टर राहिलाय नाहीतर मध्ये वायर तुटलीय. ४० आलं तर कुणीतरी तिसरा लावलाय.

गाळा १४: गच्चीवरून येणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावाच. वळवाच्या विजा पहिल्यांदा तिथेच घात करतात.

गाळा ५: भाड्याच्या ऑफिसांत भिंती फोडायच्या का मग?

ऑफिस ३०२: नको. तापमान, आर्द्रता नुसती बघायची असतात, तिथे लोरा (कमी बॅटरीत लांब जाणारं) वायरलेस बेस्ट. मॉडेल भारतासाठीचं, ८६५-८६७ मेगाहर्ट्झचं हवं; अमेरिकेचं ९१५ वालं स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.
गेटवे (सेन्सरांचे आकडे घेऊन पुढे पाठवणारा डबा) लिफ्टच्या डक्टला चिकटून नको, जिन्याजवळ मधल्या मजल्यावर ठेवा, आणि यूपीएसवर. हेस्कॉमची लाईट गेली की सेन्सर चालू राहतील, पण आकडे कुठेच पोचणार नाहीत.
सिग्नल कमजोर असला की सेन्सर सावकाश पाठवतो, एकेका मेसेजला वीसेक पट वेळ लागू शकतो. बॅटरी तिथेच संपते. पुष्कळ सेन्सरांत ३.६ व्होल्टचा लिथियम सेल असतो, दिसायला पेन्सिल सेलसारखाच. त्यात १.५ चा घालून चालत नाही.

सेक्रेटरी: फायर अलार्म यातच जोडायचा का?

गाळा १४: अजिबात नाही. त्याचं पॅनेल, वायरिंग, बॅटरी सगळं वेगळं.

सेक्रेटरी: वायरलेसवाल्याला डेमोला शनिवारी सकाळी बोलावतो.

ऑफिस ३०२: सकाळी नको, रात्री बोलवा. सगळी शटर खाली असताना प्रत्येक जागेचा सिग्नल मोजून लिहून घ्या, मगच ऑर्डर द्या.