घाटात पावसात आतलं पुढचं चाक जागेवर फिरतं, वर पुढून खटखट. गाडी उंच करणारे स्पेसर (ठोकळे) टाकू का?

एमएच०८_काळी

गाडी टर्बो पेट्रोल क्रॉसओव्हर, ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), फ्रंट व्हील ड्राइव्ह. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम). टायर २१५/६० आर१७, गाडीबरोबर आलेलेच, ४६ हजार किमी झालेले.

१) आंबा घाट चढताना पावसात हेअरपिनमधून बाहेर पडताना जरा पाय दिला की आतलं पुढचं चाक फिरतं. ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो, गाडीचं नाक बाहेर जातं आणि मग ताकदच जाते.
२) साखरप्याच्या बाजूला खड्ड्यांत हळू जाताना पुढून डावीकडे खटखट येते. ब्रेक लावला की एकदाच 'ठक'.
३) गणपतीत पाच माणसं आणि डिकी भरली की मागून बसते, घराकडच्या पाखाडीवर खाली घासते.

गॅरेजवाल्याचा सल्ला: चारही बाजूंना ३० मिमी स्पेसर, मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर आणि २३५ चे टायर. आधी काय करू? की गाडी विकून एडब्ल्यूडी (चारही चाकं ओढणारी) घेऊ?

शॉकअप_चिपळूण

स्पेसरचा विषय आज बंद ठेवा. आधी खटखट शोधा, कारण ढिल्या पार्टवर कोणी अलाइनमेंट करून दिली तरी ती टिकत नाही.

तुमची लक्षणं दोन वेगळ्या पार्टची वाटतात. छोट्या खड्ड्यांत, हळू वेगात, एका बाजूने येणारी खटखट बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारच्या (वळणात गाडी कलू न देणारा आडवा बार) लिंक रॉडची असते. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून लिंक हाताने हलवा, खेळ लगेच कळतो. एक चाक जॅकवर असेल तर बारला पीळ बसतो, लिंक ताणलेली राहते आणि खेळ लपतो. ब्रेकला एकदाच येणारी 'ठक' म्हणजे बहुतेक लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा मोठा रबरी बुश. पहारीने हलका रेटा द्या. रबर फाटलेलं असेल तर आर्म पुढेमागे सरकताना दिसेल. ब्रेक लावला की चाक मागे सरकतं, टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बदलतो, आणि वळणात गाडी आपल्या मनाने वागते. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' वाजत असेल तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग. बॉल जॉइंट बघायला चाक उचलून वर-खाली हलवा. डावं-उजवं हलवून खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक.

आता जे बहुतेक गॅरेजात चुकतं ते. नवीन आर्म बसवला की गाडी लिफ्टवर, चाकं लटकत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. चार पायांच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर हे सहज जमतं. टॉर्शन बीमच्या पुढच्या बुशलाही हेच लागू. लिंक रॉड जोडीनेच बदला.

कातळवाट

चाक का फिरतं त्याचा हिशेब मांडतो. समजा गाडी १५०० किलो, त्यातलं ५८ टक्के वजन पुढच्या चाकांवर, गुरुत्वमध्य ६५ सेंमी उंच, व्हीलबेस २.६ मीटर, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) १.५५ मीटर. सपाटीवर पुढच्या प्रत्येक चाकावर ४३५ किलो. ८ टक्के चढावर पुढचे साधारण ३० किलो मागे जातात, म्हणजे राहिले ४२०. १० मीटर त्रिज्येच्या हेअरपिनमध्ये १८ किमी वेगाने फिरलात तर बाजूचा जोर पाव जी (वजनाच्या पाव पट), आणि आतून बाहेर जवळपास १६० किलो सरकतात. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, धरा ९०, पुढच्या ॲक्सलवर. आतल्या चाकावर उरले ३३०, बाहेरच्यावर ५१०.

साधं ओपन डिफरन्शियल (इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं, म्हणजे मर्यादा हलक्या चाकाची. ८४० किलोची पकड मिळायच्या जागी ६६० चीच मिळते, एक पंचमांश तिथेच गेली. त्यातून हेअरपिनचा आतला रस्ता बाहेरच्यापेक्षा बराच उभा असतो, कारण चढ तेवढाच आणि अंतर कमी. त्यावर पहिल्या पावसाचं तेल, लाल माती, सावलीतलं शेवाळ. इथे टर्बोने एकदम टॉर्क सोडला की चाक फिरणारच.

उपाय दोन. एक, ओळ बदला. समोर मोकळं दिसत असेल तर आपल्याच लेनमध्ये शक्य तितके रुंद फिरा, स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच पाय द्या, आणि गिअर मॅन्युअलला आधीच १ किंवा २ वर टाका म्हणजे मधेच किकडाउनचा (गिअर आपोआप खाली पडण्याचा) धक्का येत नाही. ड्राय क्लच असल्याने चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. क्लच तापला की वेगळंच दुखणं सुरू. दोन, टेरेन मोड असतील तर ओल्या डांबरावर 'स्नो' लावा. त्यात पाय हळुवार पोचतो आणि घसरण लवकर पकडली जाते. 'मड' मोड चाक फिरू देतो, तो खऱ्या चिखलासाठी. ट्रॅक्शन बंद करायचं बटण घाटात नको. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क बाहेरच्या चाकाकडे ढकलणारी यंत्रणा तीच आहे. वाडीच्या चिखलात गाडी रुतली आणि इंजिन गप्प बसायला लागलं, तेवढ्यापुरतं बंद करा.

एडब्ल्यूडीबद्दल. या वर्गात मल्टिप्लेट क्लचचं कपलिंग असतं, गरजेनुसार मागे टॉर्क पाठवणारं. चढावर फायदा खरा, कारण वजन मागे गेलेलं असतं आणि तिथलीही चाकं ओढतात. पण ब्रेकिंगला आणि वळणातल्या बाजूच्या पकडीला काडीचा उपयोग नाही, उतरताना तर दोन्ही गाड्या सारख्याच. शिवाय चारही टायर एकाच झिजेचे ठेवावे लागतात, नाहीतर व्यासातल्या फरकाने कपलिंग सतत घसरत राहतं आणि तापतं. फक्त आंबा घाटासाठी गाडी बदलणं मला तरी पटत नाही.

कुडाळचो_मेकॅनिक

आधी टायर बघा, बाकीचा मागसून.

४६ हजारांवर ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) किती उरलाय ते मोजा. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, पण कोकणातल्या पावसात ३ मिमीला टायर संपला असं धरायचं. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खोल ट्रेडचाही जुना टायर कडक होतो आणि ओल्यात धरत नाही. दोनच नवीन घेणार असाल तर ते मागे टाका. पुढे टाकले तर घाट उतरताना मागून गाडी सुटते, आणि ते सांभाळायला जास्त कठीण.

२३५ नको. तेवढ्याच वजनाला रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा रुंद आणि आखूड होतो, साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. २३५/६० घेतला तर व्यास साडेतीन टक्के वाढतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि तेवढाच ओढीचा टॉर्क घटतो. फार तर २२५/६०, तोही रिमच्या रुंदीत बसत असेल तर. उंची ६ मिमी मिळते. हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरवर. झिजलेल्या टायरचं पाण्यावर तरंगणं मुख्यत्वे हवेवर ठरतं: ३३ पीएसआयला साधारण ९५ च्या वेगाला, २५ ला ८३ लाच. हायवेच्या काँक्रीटवर पाण्याची चादर दिसली की हे लक्षात ठेवा.

बफरबद्दल चिपळूणवाले ओरडतील, पण मागच्या स्प्रिंगला भाराच्या दिवसांपुरता मऊ बफर चालतो. कायम ठेवू नका. तो एक वेटोळं कामातून काढतो, उरलेल्यांवर ताण येतो, आणि रिकाम्या गाडीत मागचं चाक ओल्यात उड्या मारतं.

शॉकअप_चिपळूण

ओरडतोच. बफर टाकण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजा, रिकाम्या गाडीत. मागच्या दोन्ही बाजू मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा खाली असतील तर स्प्रिंग बसलीय, नवीन घ्या. आकडा बरोबर असेल तर स्प्रिंग ठीक आहे, सामान जास्त आहे.

स्पेसर का नको तेही सांगतो. उंची वाढल्याने वळणात वजन बाहेर सरकण्याचा फरक किरकोळ, ३० मिमीने सात-आठ किलोच. नुकसान दुसरीकडे. स्ट्रटच्या वरचा स्पेसर चाकाला पूर्ण लटकताना ३० मिमी जास्त खाली नेतो, तिथे ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणारा सांधा) आणि बॉल जॉइंट ठरलेल्या कोनाबाहेर जातात. बूट (सांध्याचं रबरी आवरण) फाटतो, मातीचं पाणी आत, महिन्याभरात कटकट. टो बदलतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) पॉझिटिव्हकडे सरकतो, म्हणजे चाक वरून बाहेर कलतं. म्हणजे वळणात बाहेरच्या चाकाची पकड आणखी घटणार, आणि तुमची तक्रारच नाक बाहेर जाण्याची आहे! पुढचा जाड स्टॅबिलायझर बारही कोणी सुचवेल. तो आतलं पुढचं चाक आणखी हलकं करतो.

कुडाळचो_मेकॅनिक

मान्य, मोजून मगच.

एक राहिलं, खारी हवा. गाडी मिऱ्या, मांडवीसारख्या किनाऱ्याजवळ उभी राहत असेल तर पुढच्या स्प्रिंगची खालची वाटी बघा. लाल माती साचून पाणी निघायचं भोक बुजतं, आणि स्प्रिंग शेवटच्या वेटोळ्याला गंजून तुटते. तुटका तुकडा टायरला घासला तर टायर कापतो. भोक तारेने मोकळं करा, गोड्या पाण्याने खालून धुवा, बीमच्या खाचेतला चिखलही काढा. गंजविरोधी कोटिंग मारलंत तर बुश, ब्रेक, एक्झॉस्ट आणि दाराखालच्या पट्टीची भोकं सोडून. ऑइल बेस फवारा बुशच्या रबराला फुगवतो.

एमएच०८_काळी

ट्रेड मोजला, पुढे २.५, मागे ४. लिंक रॉड डावीकडचा हलतोय, बुश उद्या पहारीने बघतो. मग क्रम असा ना: आर्म आणि लिंक, टायर, शेवटी अलाइनमेंट?

शॉकअप_चिपळूण

हो. मागच्यांचं वयही वाचा. पाचेक वर्षांपुढचे असतील तर चारही बदला, नाहीतर नवीन दोन मागे आणि ४ मिमीवाले पुढे. अलाइनमेंटला स्टिअरिंग मध्यावर लॉक, टाकी अर्धी, डिकी रिकामी. आधीचं आणि नंतरचं दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. मागच्या टॉर्शन बीमला बहुतेक गाड्यांत ॲडजस्टमेंट नसते, तरी मागचे आकडे बघा. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर बीम कधीतरी वाकलाय. आणि पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत लागली तर टो बिघडलेला होता, आणि २.५ मिमी उरण्यात त्याचाही हात असेल.