मदत हवी आहे: १९६४ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), घाट चढली की पाणी कमी

घाटवळण, सातारा: १७९८ सीसी, रेडिएटर मूळचाच. रेडिएटरच्या ७ पौंडाच्या (दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणाऱ्या) झाकणाचं रबर गेलं म्हणून गॅरेजवाल्याने ०.९ छापलेलं नवं झाकण बसवलं. आता यवतेश्वरच्या घाटाने कासला जाऊन आलं की अर्धा लिटर पाणी भरावं लागतं. पार्किंगमध्ये थेंब नाही. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणतायत. हेड उघडू का?

तांबंपितळ: हेडला हात लावू नका, आधी झाकण बघा. ०.९ म्हणजे ०.९ बार, जवळजवळ १३ पौंड. हा झाला दाब. दुसरं माप खोलीचं, ते कुणी बघतच नाही. नेकच्या, म्हणजे झाकण बसतं त्या रेडिएटरच्या तोंडाच्या, वरच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंत व्हर्नियर (मोजपट्टी) घालून मोजा. जुन्या ब्रिटिश रेडिएटरमध्ये पाऊण इंची आणि एक इंची अशा दोन्ही नेक मिळतात. एक इंची नेकवर पाऊण इंची झाकण घट्ट फिरतं, पण खालचं रबर बैठकीला टेकत नाही. मग दाब शून्य, पाणी ओव्हरफ्लो नळीतून रस्त्यावर. पार्किंग कोरडंच राहणार!

आपल्याकडे दाब हवाच. साताऱ्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, कासला त्याहून आधी. एक पौंड दाबाने उकळबिंदू दीडेक अंश वर जातो.

आणि पाणी नेकपर्यंत भरता का? या गाडीला एक्स्पान्शन बाटली नाही, जास्तीचं ती फेकणारच. गार इंजिनात इंचभर जागा सोडा.

घाटवळण: नेक २५ मिमी, झाकण १९. आणि हो, काठोकाठ भरत होतो.

तांबंपितळ: सापडलं की! एक इंची, ७ पौंडाचंच घ्या. खोली जुळली तरी १३ पौंडाचं नको. रेडिएटरच्या वरच्या टाकीची झाळ (सोल्डरचा सांधा), हीटर व्हॉल्व्हचं गॅस्केट, पंपाचं सील, जे कच्चं असेल ते फुटेल.

पाना_बारा: झाकण येईपर्यंत प्रेशर टेस्टर (झाकणाच्या जागी बसणारा, दाबाचा काटा असलेला हातपंप) लावून घ्या साहेब. ॲडॅप्टरही एक इंची हवा, नाहीतर तोच घोळ. इंजिन गार, ७ पौंडापर्यंत पंप करा, पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन या क्रमाने: होजची टोकं, पंपाखालचं बारीक भोक, हेडवरचा हीटर व्हॉल्व्ह, ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूच्या भोकांवरची पत्र्याची बुचं). बाहेर काहीच नाही तर डाव्या-उजव्या पायाखालचा गालिचा चाचपा. ओला, गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी.

तरीही काटा उतरतोय? मग टेस्टर तसाच ठेवून इंजिन सुरू करा. गार इंजिनातच काटा झपाट्याने चढला किंवा थरथरला तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. दाब ७ पौंडाच्या पुढे जाऊ देऊ नका, लगेच बंद करा. गॅस्केटचा संशय तेव्हा.

घाटवळण: झाळ सुटली असेल तर लीक-स्टॉप पावडर चालेल?

पाना_बारा: नको. भोकाआधी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. टाकी तांब्या-पितळेची आहे, रेडिएटरवाल्याकडून झाळून घ्या. भरताना बोअरचं पाणी टाळा, क्षार धरतात. डिस्टिल्ड आणि कूलंट निम्मंनिम्मं, हीटर व्हॉल्व्ह उघडा ठेवून. नाहीतर हवा अडकते आणि पातळी पुन्हा खोटी दिसते.