कॉलेज बेसबॉलआधीचा उन्हाळा: लिजन की कॉलेजिएट लीग?

मेधा_एडिसन: मुलगा जूनमध्ये हायस्कूल संपवतोय. ऑगस्टअखेर डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा तिसरा गट) कॉलेजात पिचर (बॉल टाकणारा) म्हणून जाईल. मधल्या उन्हाळ्यात एक तर घरी राहून अमेरिकन लिजनच्या (माजी सैनिकांच्या संघटनेची हायस्कूल वयाच्या मुलांसाठीची लीग) टीमकडून खेळायचं, नाही तर अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये एका कॉलेजिएट लीगला (कॉलेज खेळाडूंची उन्हाळी लीग) जायचं. तिथे जवळजवळ रोज मॅच, बसचे प्रवास, होस्ट फॅमिलीकडे मुक्काम. त्याच्या बाबांना ती मोठी लीग हवी आहे. माझं मत लिजनच्या बाजूने आहे, कारण मार्चपासून त्याच्या हाताला उसंत नाही. तुम्ही काय म्हणता?

प्रशांत_ह्यूस्टन: मेधाताई, मी त्याच्या बाबांच्या बाजूने. लिजनमध्ये समोर तीच हायस्कूलची मुलं येणार. कॉलेजात बावीस वर्षांचा गडी बॅट घेऊन उभा असतो. त्याला फास्टबॉल टाकायची सवय आधीच झालेली बरी. शिवाय अशा लीगमध्ये लाकडी बॅट असते. आत, मुठीजवळ टाकलेला बॉल धातूच्या बॅटला लागला तरी इनफिल्डवरून (बेसजवळच्या आतल्या मैदानावरून) तरंगत हिट होतो, म्हणजे बॅटर बेसवर पोहोचतो. तोच लाकडी बॅटवर आला की दांडा तडकतो आणि बॉल घरंगळत सेकंड बेसकडे जातो, म्हणजे सोपा आउट. आत टाकायची भीती जाते, आणि ती एकदा गेली की पिचरचा खेळच बदलतो. मेजर लीगचा पिचर मॅक्स शेर्झर नॉर्थवुड्स लीगमधून गेला, बॅटर ॲरन जज केप कॉडमधून, दोन्ही अशाच उन्हाळी लीग. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

विद्या_शिकागो: प्रशांतदादा, लाकडी बॅटचं पटलं. पण तुमची दोन्ही उदाहरणं उलट बाजूची आहेत. जज 2012 मध्ये केप कॉडच्या ब्रूस्टर टीमकडून खेळला तेव्हा त्याची फ्रेस्नो स्टेट विद्यापीठातली दोन वर्षं झाली होती. शेर्झरही मिझुरी विद्यापीठात एक वर्ष काढून 2004 मध्ये नॉर्थवुड्सच्या ला क्रॉस टीमकडे गेला. दोघेही कॉलेज बॉल खेळून मगच तिथे पोहोचले. हायस्कूल नुकतंच संपलेल्या मुलाला बहुतेक वेळा तात्पुरता करार मिळतो. जूनमध्ये ज्यांच्या कॉलेज टीम अजून पोस्टसीझन (सीझनअखेरच्या स्पर्धा) खेळत असतात, त्यांच्या जागा भरायला. ती मुलं आली की याला बॅग भरायला सांगतात. तोवर बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात तिथे) बसून किती इनिंग (मॅचच्या नऊ पाळ्यांतल्या पाळ्या) मिळणार?

प्रशांत_ह्यूस्टन: बुलपेनमध्ये बसूनही शिकता येतं. मोठी मुलं मॅचआधी कशी तयारी करतात, खराब इनिंगनंतर डोकं कसं ताळ्यावर आणतात, हे घरी बसून कळत नाही. अठराव्या वर्षी अनोळखी घरात राहून स्वतःचे कपडे स्वतः धुणं हेही कॉलेजची तयारीच आहे.

डॉ_सुहास: मी ऑर्थोपेडिकमध्ये काम करतो, म्हणून हाताबद्दल कळकळीने सांगतो. पिच स्मार्टच्या (मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने तरुण पिचरसाठी केलेल्या) नियमांत 17-18 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 105 पिच (बॅटरला टाकलेले बॉल), आणि 81 किंवा जास्त झाले की पुढे 4 दिवस विश्रांती. लोक एवढंच लक्षात ठेवतात. त्याच नियमांत वर्षातले 4 महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद ठेवा, असंही आहे, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने बॉल फेकूच नका. मुलगा मार्चपासून खेळतोय. उन्हाळाभर खेळला की सप्टेंबरात कॉलेजचा फॉल (शरद ऋतूतला) सराव. सलग विश्रांती केव्हा घेणार? कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट एका दिवसात क्वचित तुटतं, ते महिनोन्महिने झिजत जातं. ते लिगामेंट नव्याने बसवायच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर परत पिच करायला पिचरला वर्षाहून जास्त लागतं. माझं मत ताईंच्याही पुढचं आहे. लिजनमध्येही मोजकेच स्टार्ट (सुरुवातीपासून पिच करायच्या मॅच) द्या, जुलैच्या मध्यापासून बॉल बाजूला ठेवा आणि वेट रूम सुरू करा. पायांत आणि पाठीत ताकद आली तर बावीस वर्षांच्या बॅटरसमोरही टिकेल.

प्रशांत_ह्यूस्टन: हाताचं मान्य, डॉक्टर. पण मुलगा बॅटर असता तर मी हट्ट सोडला नसता. बॅटरने उन्हाळाभर लाकडी बॅट फिरवावी.

विद्या_शिकागो: त्यावर आपलं एकमत आहे. मेधाताई, कॉलेजच्या कोचला फोन केलात का? बहुतेक कोच स्वतःच सांगतात की अमुक इनिंगच्या वर जाऊ नको. आणि फोन मुलानेच करावा, तुम्ही किंवा बाबांनी नाही.

मेधा_एडिसन: अजून नाही केला. आज त्यालाच करायला सांगते. मार्चपासून किती इनिंग झाल्या हे आधी लिहून काढायला सांगेन, कोच पहिलं तेच विचारतील. लिजनबद्दल माझं मत पक्कं आहे, पण डॉक्टरांनी जुलैचं सांगितलं ते आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

डॉ_सुहास: ताई, नुसत्या इनिंग नकोत, पिचही लिहायला सांगा. एका इनिंगला बारा पिच पडतात तशा तीसही पडतात.