हिंज की ताणावर सुटणारा रिलीज?

धनुर्विद्येत कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याची दोरी बोटांऐवजी रिलीज या हातातल्या उपकरणाने खेचून सोडतात. मनगटाला बांधलेला, बोटाने दाबायचा मनगटी ट्रिगर सोडून बॅक टेन्शनकडे, म्हणजे पाठीच्या स्नायूंनी खेचत राहून बाण सोडण्याकडे, वळताना हिंज प्रकारचा रिलीज घ्यावा की ताणावर सुटणारा रिलीज घ्यावा, या प्रश्नावर थोडी भर घालतो. हिंज पाठीच्या ताणाने सुटतो असे सर्रास म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात तो हँडल किंचित फिरल्यामुळे सुटतो. पाठीचे स्नायू खेचत राहिल्यावर बोटांवरील भार हळूहळू तर्जनीकडून मधल्या व अनामिकेकडे सरकतो आणि हे फिरणे घडते. ताणावर सुटणाऱ्या प्रकाराचे तसे नसते. 60 पौंडांच्या, 80 टक्के लेट-ऑफच्या (पूर्ण खेचल्यावर भार तितका कमी होणाऱ्या) कंपाउंड धनुष्यात पूर्ण खेचल्यावर हातात सुमारे 12 पौंड उरतात, आणि रिलीज त्याहून दोन-तीन पौंड अधिक ताणावर सुटेल असा लावला, तर भिंतीवर, म्हणजे दोरी आणखी मागे येत नाही त्या टोकाला, खेचत राहण्यावाचून गत्यंतर नसते. टार्गेट पॅनिकने (नेम धरताच घाबरून बाण घाईने सोडण्याच्या सवयीने) त्रस्त असलेल्यांना मी म्हणूनच आधी हाच प्रकार सुचवेन, कारण हिंजमध्ये मनगट फिरवून फसवणूक करता येते (मी ती बरेच दिवस केली).

हिंजच घ्यायचा असेल, तर अंगठ्याच्या खुंटीचा (अंगठा टेकवून हँडलचे फिरणे रोखता येते असा) घ्यावा, सुरुवातीला तो सावकाश सुटेल असा लावावा आणि आपल्या ड्रॉ लेंग्थइतक्या (आपण दोरी जितकी खेचतो तितक्या लांबीच्या) दोरीच्या फासावर पुरेसा सराव झाल्याखेरीज धनुष्याला लावू नये. खेचता खेचता तो अवेळी सुटला, तर मूठ थेट तोंडावर आदळते. खेचताना अंगठा खुंटीवर व भार तर्जनीवर ठेवावा आणि हात जबड्याशी स्थिरावल्यावरच अंगठा काढावा.