पंचवीस पट पुंजी साठल्यावर निवृत्त व्हावे का?

प्रश्न

माझे वय ५२ वर्षे असून साठाव्या वर्षी नोकरी सोडण्याचा विचार आहे. आजच्या वार्षिक घरखर्चाच्या २५ पट रक्कम तोपर्यंत जमेल, असा माझा अंदाज आहे. दरवर्षी पुंजीतून ४ टक्के काढले तर पैसे आयुष्यभर पुरतात, असा नियम वाचनात आला आहे. निम्मी पुंजी समभागांत आणि निम्मी ठेवी व रोख्यांत ठेवून महागाई वजा जाता सरासरी २ टक्के परतावा धरला, तर माझ्या कोष्टकानुसार पैसे ३४ वर्षे, म्हणजे वयाच्या ९४व्या वर्षापर्यंत पुरतात. या हिशेबात काही राहून गेले आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

राहून गेले आहे, आणि तेही अगदी पहिल्याच पायरीवर. आपण साठाव्या वर्षीची पुंजी आजच्या खर्चाशी ताडून पाहिली आहे. महागाई ६ टक्के धरली तर आज १०० असलेला खर्च आठ वर्षांनी सुमारे १५९ होईल. म्हणजे आपली २५ पट पुंजी त्या दिवशीच्या खर्चाच्या जेमतेम १६ पट भरेल, आणि आपल्याच २ टक्क्यांच्या गृहीतकाने ती साधारण साडेअठरा वर्षांत, वयाच्या ७८व्या वर्षी संपेल. महागाई ४ टक्केच राहिली तरी पट १८च्या आसपासच येते. ही चूक इतकी सर्रास होते की कोणाचेही कोष्टक हाती आले की मी आधी एवढेच विचारतो: खर्च कोणत्या वर्षाचा आणि पुंजी कोणत्या वर्षाची?

दुसरा प्रतिसाद

वरील दुरुस्ती योग्यच आहे, परंतु ४ टक्क्यांच्या नियमाबद्दलही दोन शब्द लिहावेसे वाटतात. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने तो १९९४मध्ये मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढायची आणि पुढे तीच रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढवत न्यायची, असे त्याचे स्वरूप आहे; दरवर्षी उरलेल्या पुंजीच्या ४ टक्के काढणे, हा अनेकांचा समज चुकीचा आहे. हा आकडा अमेरिकेतील १९२६पासूनच्या बाजाराच्या इतिहासावर आणि सुमारे ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला असून त्यात कर व गुंतवणुकीचे शुल्क धरलेले नाही. तो मोजपट्टी म्हणून वापरावा, हमी म्हणून नव्हे.

त्याहून मोठा धोका ‘सरासरी’ या शब्दात दडलेला आहे. समजा, पुंजी १०० आहे, दर वर्षाच्या आरंभी आपण ५ काढता आणि तीन वर्षांचे परतावे उणे २०, अधिक १० आणि अधिक २५ टक्के आहेत. पैसे काढले नाहीत, तर क्रम कोणताही असो, शेवटी ११० उरतात. पैसे काढत असाल, तर मात्र याच क्रमाने वाईट वर्ष आधी आल्यास ९१.४ आणि नेमक्या उलट क्रमाने ते शेवटी आल्यास ९६.१ उरतात. सरासरी तीच, काढलेली रक्कम तीच, तरीही जवळजवळ एका वर्षाच्या खर्चाएवढा फरक केवळ क्रमाने पडला; कारण पडलेल्या भावात विकलेले समभाग पुढच्या तेजीच्या वेळी आपल्याजवळ नसतात. म्हणूनच निवृत्तीच्या अलीकडची आणि पलीकडची पाच-पाच वर्षे सर्वांत नाजूक असतात.

तिसरा प्रतिसाद

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि दोन-तीन वर्षांचा खर्च वेगळा, सुरक्षित ठेवींत बाजूला ठेवला, जेणेकरून बाजार पडलेला असताना समभाग विकावे लागू नयेत. याचा खरा उपयोग मला परताव्यापेक्षा झोपेसाठी झाला, हे कबूल करतो. मात्र भीतीपोटी सगळीच पुंजी ठेवींत नेऊ नये. ६ टक्के महागाईत बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि ठेवीवरील व्याज कर भरल्यावर त्याच्या बरोबरीला येईलच असे नाही.

आयुर्मानाचा आकडाही जपून घ्यावा. जन्माच्या वेळच्या सरासरी आयुर्मानात बालपणी व तरुणपणी झालेले मृत्यू मिसळलेले असतात. साठी गाठलेल्या माणसाची अपेक्षित वयोमर्यादा त्या सरासरीहून बरीच पुढे असते. शिवाय पुंजी दोघांची असेल, तर दोघांपैकी जो अधिक जगेल त्याच्यापर्यंत ती पुरायला हवी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादाने क्षणभर पायाखालची जमीन सरकली. पुन्हा आकडेमोड करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की माझ्या आजच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गृहकर्जाच्या हप्त्याचा आहे. हप्ता ठरलेला असल्यामुळे त्याला महागाई लागू होत नाही आणि तो ५७व्या वर्षी संपणार आहे. तो वगळला की साठाव्या वर्षीची पुंजी खर्चाच्या साडेएकोणीस पट होते आणि ८४पर्यंत पुरते. आणखी दोन वर्षे काम करून दरवर्षी अर्ध्या वर्षाच्या खर्चाइतकी बचत केली, तर ती जवळजवळ नव्वदीपर्यंत जाते, कारण दोन वर्षे भर पडते आणि तीच दोन वर्षे उपसा होत नाही.

माझी पत्नी मात्र माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. त्यामुळे पुंजीचा काही भाग देऊन, आम्हा दोघांपैकी कोणीही हयात असेपर्यंत किमान किराणा आणि औषधपाणी भागेल एवढी वार्षिकी (एकरकमी पैसे देऊन त्याबदल्यात आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) विकत घ्यावी का, याचा विचार करत आहे. वार्षिकीची रक्कम महागाईनुसार वाढणारी घेतली तर सुरुवातीचा हप्ता बराच कमी मिळतो, हे दिसले. कोणी तशी घेतली असल्यास अनुभव अवश्य लिहावा.