प्रौढ स्त्रीमधील एडीएचडी : तपासणीआधी कोणती तयारी करावी?

हा प्रश्न मी माझ्या बहिणीच्या संमतीने विचारत आहे. तिच्यावर बराच काळ चिंताविकाराचे उपचार चालू आहेत. त्यांनी धडधड कमी झाली, परंतु कामे अर्धवट राहणे, वेळेचा अंदाज चुकणे आणि समोरचा बोलत असताना मन भलतीकडेच जाणे यांत काहीही फरक पडला नाही. आता मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीची (अवधान कमी पडणे आणि अतिचंचलता यांचा विकार) शक्यता बोलून दाखवली आहे.

२०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमपुस्तिका) च्या निकषांनुसार १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या गटातील किमान ५ लक्षणे असावी लागतात आणि त्यांपैकी काही १२ वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. खरी अडचण येथेच आहे. ती वर्गात दंगा करणारी नव्हती; तंद्रीत बसणारी, पण आदल्या रात्री जागून उत्तम गुण मिळवणारी मुलगी होती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. (हुशारी अशी आड येते, हे आता कळते.) प्रगतिपुस्तकांतील शेरे आणि आईच्या आठवणी यांखेरीज बालपणाचा आणखी कोणता पुरावा उपयोगी पडतो?

शिवाय पाळीपूर्वीच्या दिवसांत तिचा विसराळूपणा फार वाढतो. मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटीन ही एडीएचडीची औषधे घेणाऱ्या ज्या भगिनींनी हा चढउतार अनुभवला आहे, त्यांनी त्याची नोंद कशी ठेवली आणि डॉक्टरांपुढे तो विषय कसा मांडला? औषधाचे प्रमाण मी विचारत नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. याद्या करून झाल्या आहेत, मात्र यादीच सापडत नाही, तेव्हा याहून टिकाऊ उपाय कोणी सुचवल्यास आभारी राहीन.